शीला नावाचे दुसरे घराणे

आपल्या गावात एखादी शीला असेलच. जुन्या हजेरीपटांत तर दर दोन वर्गांमागे एक सापडते. 'शील' म्हणजे चांगले वर्तन. त्यावरून शीला, सुशीला ही नावे आली. इथवर सगळे सरळ आहे. पण समजा, आपली शीला ऑस्ट्रेलियात गेली आणि तिने तिथे नाव सांगितले, तर एखादा म्हातारा गालातल्या गालात हसेल. त्याच्या बोलीत 'शीला' म्हणजे कुणीही बाई, कुणीही पोरगी. आणि शब्द काही फारसा आदराचा नव्हे, बरं का!

ही शीला आपली नव्हे. ती आयर्लंडची, तिथल्या गेलिक भाषेतली. आणि तिचे मूळ आणखी लांब, रोमला आहे. कायकिलियस नावाच्या रोमन घराण्यातली स्त्री ती कायकिलिया. ज्या लॅटिन शब्दाशी हे नाव जोडतात, त्याचा अर्थ 'आंधळा'. पुढे या नावाची एक ख्रिस्ती संत झाली, संत सिसिलिया. ती संगीताची कैवारी मानली जाते आणि २२ नोव्हेंबरला तिचा सण असतो. फ्रेंचांनी तिच्या नावाचे 'सेसील' केले. ११६९ साली नॉर्मन सरदार आयर्लंडात उतरले, त्यांच्या मागोमाग हे नावही आले.

आता सेसीलची शीला कशी झाली? शिक्षकांनी वर्गात सांगण्यासारखी गंमत आहे. आपण एक 'म्हैस' म्हणतो, पण चार 'म्हशी' म्हणतो. पुढे 'ई' आली की 'स'चा 'श' होतो. आयरिश भाषेतही 'इ', 'ए' यांच्या शेजारचा 'स' असाच 'श' होतो. नाव आखडले, 'सी'ची 'शी' झाली आणि शीला घरोघरी नांदू लागली.

हे नाव इतके रुळले की त्याला नाना अर्थ फुटले. दलदलीत एका पायावर उभ्या राहणाऱ्या बगळ्याला आयरिश शेतकरी 'दलदलीतली शीला' म्हणतो. अठराव्या शतकातल्या कवींनी तर आपल्या पारतंत्र्यातल्या देशालाच शीला नावाच्या सुंदरीचे रूप दिले. १७ मार्चला संत पॅट्रिकचा सण. त्याच्या दुसऱ्या दिवसाला लोक 'शीलाचा दिवस' म्हणत. ही शीला संताची बायको की आई, यावर वाद होता. पण त्यामुळे पिण्याखाण्यात खंड पडत नसे.

घरातले हे लाडके नाव परमुलखात गेले आणि त्याची किंमत उतरली. १७८८ साली इंग्रजांनी सिडनीला कैद्यांची वसाहत केली. १७९१ साली थेट आयर्लंडहून कैद्यांचे पहिले जहाज तिथे पोहोचले. पॅट्रिकचे लाडके रूप पॅडी. म्हणून प्रत्येक आयरिश गडी झाला पॅडी, आणि बाई झाली शीला. १८२८ च्या सिडनीच्या एका वृत्तपत्रात ही जोडी भेटते. म्हणजे तोवर ती सर्वांच्या तोंडी बसली होती.

१८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजले आणि मोठा दुष्काळ पडला. १८४८ ते १८५० या काळात तिथल्या अनाथ, निराधार अशा चार हजारांहून अधिक मुली सरकारने जहाजांत घालून ऑस्ट्रेलियाला धाडल्या. घरकामाला पोरी हव्या होत्या, आणि पुढे लग्नालाही. त्या तिथे उतरल्या, तर वृत्तपत्रांनी त्यांना अडाणी म्हणून नावे ठेवली. कुणी ब्रिजेट असेल, कुणी मेरी. पण हिणवायला एकच नाव पुरे होते. आपल्याला हे नवे नाही. मुंबईच्या बिऱ्हाडांतून घरगड्याला सरसकट 'रामा' म्हणत. त्याच्या आईने बारशाला काय नाव ठेवले होते, ते कुणी विचारत नसे.

एकोणिसावे शतक सरता सरता शब्दातले आयरिशपण पुसले गेले आणि कुठलीही तरुणी शीला झाली. पुढे तर मैदानात कच खाणाऱ्या पोरालाही 'शीला' म्हणून चिडवू लागले. म्हणजे बाईचे नाव हीच शिवी! आयरिश भाषेतही बायकी मुलाला हेच नाव लावतात, त्यामुळे सगळा दोष ऑस्ट्रेलियाच्या माथी मारता येणार नाही. आज तिकडे हा शब्द जुनाट वाटतो आणि पुष्कळ बायकांना तो खपत नाही.

गंमत पाहा, १९२० ते १९४० च्या सुमारास इंग्लंडात मात्र हेच नाव मुलींना हौसेने ठेवत. त्यांचे स्पेलिंग 'ई-आय'चे. आपल्याकडच्या कितीतरी शीलाही इंग्रजीत तसेच लिहितात. १९९८ ते २०१३ पर्यंत दिल्लीच्या मुख्यमंत्री असलेल्या शीला दीक्षित यांचे स्पेलिंग हेच. तेव्हा गुरुजी, दाखल्यावर कुणी 'ई-आय' लिहून आणले तर चूक म्हणून लाल रेघ मारू नका. मुलीला एवढेच विचारा, घरी काय लिहितात?