सात तारे, एक आकृती

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून अधिक उंच आहे. विद्यार्थी मित्रांनो, एप्रिलमधील अंधाऱ्या रात्री तेथून उत्तरेकडे पाहा. सप्तर्षी चटकन ओळखू येतील.

पण या सात ताऱ्यांना एकत्र बांधले कोणी? मधले पाच सुमारे ८० प्रकाशवर्षांवर असून एकाच दिशेने जात आहेत. टोकांचे क्रतु व मरीची मात्र शंभराहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहेत आणि त्यांची वाटही वेगळी आहे. म्हणजे सातांची ही आकृती आकाशात नाही. ती पाहणाऱ्याने जुळवली आहे. विदर्भातील गोंड लोकांना त्यांत एक खाट आणि तीन चोर दिसतात. तारे तेच, आकृती निराळी!

सुट्या भागांतून मन पूर्ण आकृती कशी घडवते? गेस्टाल्ट पंथाचे जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर यांनी १९२० साली याचे उत्तर पदार्थविज्ञानात शोधले. धातूच्या गोळ्यावरील थोडा विद्युतभार काढला, तर उरलेला भार साऱ्या पृष्ठभागावर पुन्हा वाटला जातो. येथे भाग कसा असेल, हे पूर्ण ठरवते. मेंदूतही असेच विद्युतक्षेत्र पसरत असावे आणि आपल्याला दिसणारी आकृती त्यातून घडत असावी, असे त्यांचे म्हणणे होते.

कल्पना सुंदर खरी, पण प्रयोगाच्या कसोटीला उतरली का? १९५१ साली लॅशली व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूच्या दृष्टिकेंद्रावर सोन्याच्या पातळ पट्ट्या ठेवल्या. सोने विजेचे उत्तम वाहक; तेव्हा क्षेत्र विस्कटायला हवे. तरीही माकडांनी पूर्वी शिकलेल्या आकृती ओळखल्या! १९५५ साली स्पेरी यांनी मांजरांच्या मेंदूत विद्युतरोधक अभ्रकाच्या चकत्या बसवल्या. त्यांचीही ओळख फारशी बिघडली नाही.

मग पदार्थविज्ञान हरले काय? नाही, चुकले ते एक उत्तर. ह्यूबेल व वीझल यांना मांजराच्या मेंदूत ठरावीक कलाच्या रेषेलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडल्या; १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८४ साली माकडांत अशाही पेशी आढळल्या, की ज्या कागदावर नसलेल्या, केवळ भासणाऱ्या कडेलाही प्रतिसाद देतात. पेशींचे संदेश विजेचेच असतात. परंतु त्यांतून काय दिसेल, हे पेशींच्या जोडणीवर अवलंबून असते. आणि कोणाला ऋषी दिसावेत, कोणाला खाट, हे तर ऐकलेल्या गोष्टींवर ठरते. तेथे विद्युतमापक पुरा पडत नाही.

आता तुम्हीच करून पाहा. वहीत सप्तर्षींचे सात ठिपके काढा. रेषा जोडू नका. 'काय दिसते?' असे दहा जणांना विचारा. मग एकच ठिपका दूर सरकवून पुन्हा विचारा. उत्तरे किती बदलली, याची नोंद ठेवा बरे!