ग्रेपला ओळ सापडत नाही तेव्हा: शेवटचं न दिसणारं अक्षर

मंडळी, मागच्या वेळी आपण ग्रेप पाहिलं. ओळीच्या सुरुवातीसाठी ^ आणि शेवटासाठी $, हे तुमच्या वहीत आहे. आज फक्त त्या डॉलरपाशी थांबायचं, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो.

समजा गावांच्या नावांची फाइल आहे, एका ओळीत एक नाव. ग्रेपला आपण म्हणतो 'पुणे$', म्हणजे 'पुणे' वर संपणारी ओळ दे. काहीच येत नाही. डॉलर काढला की लगेच ओळ हजर! इथे बहुतेक जण अवतरणचिन्हं बदलून बघतात, ग्रेपची आवृत्ती बघतात. पॅटर्नमध्ये काहीच चूक नसते. ओळ आपल्याला वाटते तिथे संपत नसते, एवढंच.

बहुतेक वेळा ती फाइल विंडोजवरून आलेली असते. जुन्या टेलिटाइप यंत्रात नवी ओळ म्हणजे दोन कामं होती: छपाईचा ठोकळा डावीकडे परत आणायचा, ते कॅरेज रिटर्न, आणि कागद एक ओळ वर सरकवायचा, ते लाइन फीड. आस्की तक्त्यात यांचे क्रमांक १३ आणि १०. सीपी/एमने ही जोडी ठेवली, तिथून ती डॉसमध्ये आणि पुढे विंडोजमध्ये आली. युनिक्सने मात्र एकटं १० पुरेसं मानलं. त्यामुळे लिनक्सवरचं ग्रेप १० पाशी ओळ संपवतं आणि त्याआधीचा १३ हा मजकुराचाच भाग समजतं. त्याच्या दृष्टीने ओळ 'पुणे' वर संपतच नाही. (विंडोजच्या नोटपॅडला नुसत्या १० ची ओळ कळायला २०१८ उजाडलं, म्हणजे भांडण दोन्ही बाजूंनी होतं.)

काहीच सापडलं नाही तर निदान शंका तरी येते. खरा धोका उलट्या गाळणीत आहे. समजा एक यादी सगळ्या लाभार्थ्यांची आहे आणि दुसरी, पैसे मिळून गेलेल्यांची. दुसरीतली नावं पहिलीतून वगळायची म्हणून आपण ग्रेपला वजा व्ही, वजा एक्स आणि वजा एफ देऊन ती दुसरी फाइल पुढे करतो. ती दुसरी फाइल विंडोजवरची असेल तर तिच्यातल्या प्रत्येक नावाला १३ चिकटलेला असतो. एकही नाव जुळत नाही, म्हणून एकही वगळलं जात नाही. पडद्यावर नीटनेटकी, पूर्ण यादी येते, चुकीचा एक शब्दही दिसत नाही, आणि पैसे दुसऱ्यांदा जातात. म्हणून वगळण्याआधी आणि नंतर ओळी मोजायच्याच, बरं का.

आता पकडायचं कसं? इंग्रजी पुस्तकं सांगतात, कॅटला वजा ई द्या. लिनक्स आणि मॅक दोन्हींवर चालतं. ओळ संपते तिथे $ छापलं जातं आणि १३ असेल तर त्याच्या आधी ^ आणि एम दिसतात. मराठी फाइलवर मात्र हे वापरून बघा! १२७ च्या पुढचा प्रत्येक बाइट 'एम, वजा' अशा रूपात छापला जातो, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. पडद्यावर नुसता चिखल.

त्यापेक्षा बाइट मोजा. 'पुणे' म्हणजे प, उकार, ण, मात्रा: चार चिन्हं, १२ बाइट, शेवटच्या १० चा एक, एकूण १३. ती एकच ओळ ग्रेपने काढून डब्ल्यूसी वजा सीकडे पाठवा. १४ आले तर कॅरेज रिटर्न किंवा साधी मोकळी जागा. १५ आले तर बहुधा न तुटणारी मोकळी जागा. वेबपानावरून मजकूर उचलला की ती येते. १६ आले तर शून्य रुंदीचा जोडक असण्याची शक्यता मोठी.

हा जोडक आपला, मराठीचा पाहुणा आहे. 'दर्‍या' म्हणजे डोंगरातल्या, आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. पहिल्या शब्दातला तो आडवा रफार बऱ्याच कीबोर्डांवर या जोडकानेच उमटतो. म्हणून 'अदृश्य अक्षरं सगळीकडून पुसून टाकू' असं कधी करू नका, डोंगर बुडतील. ओळीच्या शेवटी असेल तेवढाच काढा. आणखी एक फसवणूक: या जोडकाचा शेवटचा बाइट १४१, म्हणजे १२८ अधिक १३. कॅट तो दाखवताना शेवटी ^ आणि एमच छापतं, फक्त त्याआधी एम आणि वजाचं चिन्ह असतं. घाईत तो कॅरेज रिटर्न वाटतो.

१३ काढायला टीआर, वजा डी, आणि अवतरणात उलटी तिरकी रेघ व आर. निकाल दुसऱ्या फाइलमध्ये घ्या. त्याच नावावर वळवलात तर वाचायच्या आधीच फाइल रिकामी होते.

(श्रोत्यांतून प्रश्न: पायथनचं आरस्ट्रिप वापरलं तर हे सगळंच जाईल ना?)

बरंचसं जाईल. कंसात काही न देता वापरलं तर कॅरेज रिटर्न, साधी मोकळी जागा आणि न तुटणारी जागाही जाते. जोडक जात नाही, कारण पायथन त्याला मोकळी जागा मानत नाही. तो कंसात वेगळा सांगावा लागतो. आणि फार जुन्या मॅकवरची, मॅक ओएस ९ पर्यंतची फाइल असेल तर तिथे ओळ नुसत्या १३ ने संपते. तिच्यावर वरचं टीआर चालवलंत तर सगळी गावं एकाच ओळीत येतील. तिथे १३ पुसायचा नाही, त्याच्या जागी १० ठेवायचा.