ब्रिटनमधले अर्थशास्त्र आणि जीआरईची चाळणी

ब्रिटनमध्ये अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी देशभर एकच अशी प्रवेश परीक्षा नाही. प्रत्येक विद्यापीठ, किंबहुना प्रत्येक विभाग, आपला नियम आपणच ठरवतो आणि वाटल्यास पुढच्या वर्षी बदलतो. तरीही लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स (एलएसई), केंब्रिज, ऑक्सफर्ड किंवा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन (यूसीएल) यांसारख्या आघाडीच्या संस्थांकडे बाहेरून अर्ज करणाऱ्याच्या वाटेत एक परीक्षा बहुधा येतेच. ती म्हणजे जीआरई. गंमत अशी, की ही परीक्षा ब्रिटिश नाहीच. ती घेते अमेरिकेतल्या प्रिन्स्टनची ईटीएस ही संस्था, आणि तिची घडण झाली ती अमेरिकी विद्यापीठांच्या गरजेतून.

ती कुणी द्यायची हे पुष्कळदा पारपत्रावर ठरत नाही, पदवी कुठली यावर ठरते. ब्रिटिश विद्यापीठाची पदवी असणाऱ्यांना बरेच विभाग सूट देतात. म्हणजे नाशिकहून लंडनला जाऊन तिथेच बीएस्सी केलेली मुलगी सुटते आणि परदेशात पदवी घेतलेला ब्रिटिश नागरिक अडकतो. यामागचे कारण ब्रिटिश पदव्यांच्या रचनेत आहे. तिथे ७० टक्के आणि त्यावर गुण म्हणजे ‘फर्स्ट’, ६० ते ६९ म्हणजे ‘टू-वन’. एका विद्यापीठाचे परीक्षण पाहायला दुसऱ्या विद्यापीठातले बाह्य परीक्षक येतात. त्यामुळे ब्रिस्टलचा फर्स्ट आणि मँचेस्टरचा फर्स्ट यांची तुलना विभागाला करता येते.

भारतीय गुणपत्रिका वाचताना मात्र हा आधार नसतो. आपल्याकडे ६० टक्क्यांना प्रथम वर्ग मिळतो. एका विद्यापीठात ७५ टक्के ही रोजची गोष्ट असते, तर दुसरीकडे ६५ टक्के मिळवणारा विद्यापीठात पहिला येतो. शिवाय अर्थशास्त्राची बीए पदवी बारावीनंतर गणिताला हात न लावताही मिळू शकते, आणि त्याच विषयाची बीएस्सी गणिताने भरलेली असू शकते. अशा नाना तऱ्हेच्या गुणपत्रिकांना एक सामाईक माप लावायचे, एवढेच जीआरईचे काम आहे.

असे माप नव्हते तेव्हा शिफारसपत्रे हे काम करत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाहून लंडनला गेले, तेव्हा त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी एलएसईच्या प्रा. फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली होती. पुढे लंडन विद्यापीठातून त्यांनी १९२१ मध्ये एमएस्सी आणि १९२३ मध्ये डीएस्सी मिळवली. जीआरईचा जन्म १९३० च्या दशकातला आणि ईटीएस स्थापन झाली १९४७ मध्ये. शिफारसपत्रे आजही लागतात आणि पीएचडीच्या अर्जात तर त्यांचे वजन फार मोठे असते. पण पत्र लिहिणाऱ्याला वाचणारा ओळखत असेल तरच त्या पत्राला धार येते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातल्या चांगल्या प्राध्यापकाचे पत्र तिथे अनोळखी ठरते.

सप्टेंबर २०२३ पासून जीआरई आटोपशीर झाली आहे. पूर्वी पावणेचार तास चालणारी परीक्षा आता १ तास ५८ मिनिटांत संपते. त्यात ३० मिनिटांचा एक निबंध, भाषेचे २७ आणि गणिताचे २७ प्रश्न असतात. भाषा आणि गणित यांचे गुण प्रत्येकी १३० ते १७० या पट्टीवर, तर निबंधाचे शून्य ते सहा. दोन्ही विषयांचे दोन-दोन भाग असतात आणि पहिला भाग कसा सोडवला यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते.

अर्थशास्त्राचे विभाग पाहतात ते मुख्यतः गणिताचे गुण, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘क्वांट’. १६० च्या पुढचे गुण ही चांगल्या अर्जाची सुरुवात मानली जाते. सर्वांत स्पर्धेच्या अभ्यासक्रमांना १६५ किंवा त्याहून वरचे गुण घेऊन येणारे बरेच असतात. पण हे गणित आहे तरी कसे? अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि आकडेवारीचे वाचन, सारे शालेय पातळीचे. कलनशास्त्र नाही, त्रिकोणमितीही नाही. पडद्यावर कॅल्क्युलेटरही मिळतो. अडचण येते ती सापळ्यांची. उदाहरणार्थ, क्ष ही शून्यापेक्षा मोठी संख्या आहे. एकीकडे क्षचा वर्ग, दुसरीकडे नुसता क्ष. यात मोठे काय? घाईतला विद्यार्थी वर्गावर खूण करतो. क्ष जर अर्धा असेल तर वर्ग पाव होतो, आणि एक असेल तर दोन्ही समान. बरोबर उत्तर ‘सांगता येत नाही’ हे आहे, आणि ते सुचायला सरासरी दीड-पावणेदोन मिनिटे मिळतात.

एलएसई किंवा यूसीएलमधल्या एमएस्सीला लागणारे गणित याच्या कितीतरी पुढचे असते: अनेक चलांचे कलन, रेषीय बीजगणित, संभाव्यता, सांख्यिकी. एलएसईत तर एमएस्सीचे वर्ग सुरू होण्याआधी सप्टेंबरमध्ये गणित आणि सांख्यिकीचा वेगळा अभ्यासक्रम घेतला जातो. जीआरई यातले कलन आणि रेषीय बीजगणित तपासतच नाही, आणि संभाव्यता-सांख्यिकीही फक्त शालेय पातळीपर्यंत. म्हणून १७० गुण प्रवेश मिळवून देत नाहीत, आणि १५५ गुण मात्र अर्ज मागे टाकू शकतात. ही चाळणी आहे, तराजू नव्हे. निवड होते ती पदवीत घेतलेल्या गणिताच्या विषयांवर आणि त्यातल्या गुणांवर. दुबळ्या गुणपत्रिकेची भरपाई क्वांटने होईल, ही शिकवणी वर्गांनी पसरवलेली आशा फारशी खरी नाही.

वित्ताकडे झुकणाऱ्या अभ्यासक्रमांत पर्यायही मिळतो. ऑक्सफर्डच्या फायनान्शियल इकॉनॉमिक्सच्या एमएस्सीला जीआरई किंवा जीमॅट (व्यवस्थापन अभ्यासक्रमांसाठीची प्रवेश परीक्षा) यांपैकी एक चालते. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत अर्थशास्त्राच्या एमएस्सीला यातली कोणतीच परीक्षा लागत नाही. तिथे पदवीचे गुण आणि गणिताचे विषय पुरतात.

इंग्रजीची परीक्षा ही वेगळी बाब. जीआरईचा भाषाविभाग तिची जागा घेत नाही. आयईएल्टीएसमध्ये बहुधा सात किंवा साडेसात बँड मागितले जातात. काही विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीचे गुण ग्राह्य धरतात, पण कोणत्या मंडळाचे आणि किती, हे प्रत्येकाचे निराळे. व्हिसाच्या संदर्भात या परीक्षांना कटू इतिहासही आहे. २०१४ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने लंडनमधल्या केंद्रांवर टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत चाललेली तोतयेगिरी उघड केली. टोइकही ईटीएसचीच. ब्रिटनच्या गृहखात्याने हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसे रद्द केले. त्यात निर्दोष विद्यार्थीही भरडले गेले आणि न्यायालयीन लढे कित्येक वर्षे चालले.

जीआरईचे गुण पाच वर्षे टिकतात, आयईएल्टीएसचे साधारण दोन. एलएसईच्या एमएस्सीत अर्ज येतील तशा जागा भरत जातात, तर ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये ठरलेल्या मुदती असतात. त्यामुळे जीआरई अर्जाच्या आधीच्या उन्हाळ्यात देऊन टाकणारे निवांत राहतात. गुण ईटीएसकडून थेट विद्यापीठाला पाठवावे लागतात. विद्यार्थ्याने पाठवलेली प्रत अंतिम पुरावा ठरत नाही. परीक्षा बिघडली तर २१ दिवसांनी पुन्हा देता येते, बारा महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा, आणि त्यातले कोणत्या दिवसाचे गुण पाठवायचे हे विद्यार्थ्याला निवडता येते.