संगणकांचे जाळे : वलंदेजांच्या देशातून आपल्या घरापर्यंत



'नेट गेले!' ही आरोळी आता आपल्या घरोघरी ऐकू येते. मुलांचा अभ्यास थांबतो, पुण्याच्या किंवा रत्नागिरीच्या नातलगांशी चाललेले बोलणे अर्ध्यावर तुटते. पण गेले म्हणजे नेमके काय गेले आणि कुठे गेले, असे विचारले तर मोठी माणसेही गप्प राहतात. जी वस्तू आपण रोज वापरतो, तिची तोंडओळख तरी असावी, म्हणून आजचा हा लेख.

दोन किंवा अधिक संगणक एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करू लागले की त्यांचे जाळे झाले. मोबाईल हाही एक लहान संगणकच आहे. अशा जाळ्याला तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे रस्ता. तो तांब्याची तार, काचेचा बारीक तंतू किंवा रेडिओ लहरी यांपैकी कशाचाही असू शकतो. दुसरी गोष्ट पत्ता, कारण निरोप कोणाला द्यायचा हे ठाऊक हवे. तिसरी गोष्ट नियम. लांबलचक पत्र एकाच पाकिटात मावत नाही म्हणून ते दहा पोस्टकार्डांवर लिहावे, प्रत्येकावर पत्ता व क्रमांक घालावा आणि घेणाऱ्याने ती क्रमाने लावून वाचावीत, तसे संगणक करतात. एखादे कार्ड हरवले तर तेवढेच पुन्हा मागवतात. दोन्ही बाजूंनी एकच नियम पाळला नाही, तर रस्ता कितीही चांगला असून उपयोग नाही.

या नियमाचे महत्त्व कळायला नेदरलँड्ससारखा दुसरा देश नाही. आपल्या पूर्वजांच्या कोकणात, वेंगुर्ल्याला, सतराव्या शतकात या लोकांची वखार होती. मराठी कागदपत्रांत त्यांना वलंदेज म्हणत. १५९८ मध्ये त्यांनीच आपल्या बेटाला मॉरिशस हे नाव दिले आणि १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला. त्यांच्या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध घालून त्यांनी समुद्र अडवला. एका शेतकऱ्याने आपल्या वाटचा बांध राखला नाही, तर पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरणार. म्हणून तेराव्या शतकापासून तिथे गावोगावच्या लोकांनी पाणी-मंडळे स्थापून कामाची वाटणी केली. संगणकांच्या जाळ्याचे चारही मुख्य प्रकार याच देशातील माणसांच्या कामातून समजून घेता येतात, हा मोठा योग आहे.

पहिला प्रकार व्यक्तिगत जाळ्याचा. मुले त्याला पॅन म्हणतात. हे जाळे एका माणसाभोवती, साधारण दहा मीटरच्या आत असते. मोबाईल आणि कानातले यंत्र तारेशिवाय बोलतात ते ब्लूटूथमुळे. याप हार्टसेन या डच अभियंत्याने १९९४ पासून स्वीडनमध्ये एरिक्सन कंपनीत या कामाचा पाया घातला. ब्लूटूथ हे नाव मात्र दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाचे आहे.

दुसरा प्रकार स्थानिक जाळ्याचा, म्हणजे लॅनचा. एक घर, एक शाळा, एक कचेरी एवढी त्याची हद्द असते. आपल्या घरचे वायफाय याच प्रकारात मोडते. त्याची एक मोठी मुळी नेदरलँड्समधील न्यूवेखाइन या गावी आहे. तिथल्या एनसीआर कंपनीच्या केंद्रात दुकानांतील हिशेबाची यंत्रे तारेशिवाय जोडण्याचा प्रयत्न चालला होता. दुकानाची मांडणी बदलली की दर वेळी जमीन उकरून नव्या तारा टाकाव्या लागत. त्यातून वेव्हलॅन नावाचे साधन तयार झाले. पण प्रत्येक कंपनी आपापली भाषा बोलू लागली, तर एकीचे यंत्र दुसरीच्या यंत्राशी कसे बोलणार? तेव्हा त्याच केंद्रातील विक हेझ यांनी १९९० पासून दहा वर्षे अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे अध्यक्षपद सांभाळले. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांना त्यांनी एका टेबलाशी बसवले आणि १९९७ मध्ये सर्वांना मान्य असे पहिले नियम प्रसिद्ध झाले. म्हणूनच आज कोणत्याही कंपनीचा मोबाईल कोणत्याही घरच्या वायफायला जोडता येतो.

तिसरा प्रकार शहरी जाळ्याचा, म्हणजे मॅनचा. एका शहरातल्या अनेक इमारती त्यात जोडलेल्या असतात. अॅमस्टरडॅममधील एएमएस-आयएक्स या संस्थेचे जाळे याच घाटाचे आहे. शहरातील व आसपासच्या कित्येक केंद्रांत ते पसरले आहे. बाजाराच्या दिवशी गावोगावचे शेतकरी एका जागी माल बदलून घेतात, तशी इथे देशोदेशीच्या कंपन्यांची शेकडो जाळी एकमेकांची माहिती बदलून घेतात. १९९७ मध्ये या संस्थेची रीतसर स्थापना झाली. ती कोणा एका मालकाची नसून सभासदांची आहे. पाणी-मंडळाचीच रीत इथेही आली, असे म्हणायला हरकत नाही.

चौथा प्रकार विस्तृत जाळ्याचा, म्हणजे वॅनचा. यात देश व खंड जोडले जातात. १७ नोव्हेंबर १९८८ रोजी अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित-संशोधन संस्थेत पीट बेर्टेमा यांना अमेरिकेहून निरोप आला, की तुमचा संगणक आमच्या जाळ्याला अधिकृतपणे जोडला गेला आहे. आज ज्याला आपण इंटरनेट म्हणतो, त्याच्याशी युरोपची उघडी जोडणी त्या दिवशी सुरू झाली. इंटरनेट म्हणजे दुसरे काही नसून अशा असंख्य जाळ्यांचे एक महाजाळे आहे.

इतक्या रस्त्यांतून निरोपाला जवळची वाट कशी सापडते? याचे एक उत्तरही त्याच संस्थेने दिले. १९५६ मध्ये, तिचे नाव मॅथेमॅटिश सेंट्रम असताना, एड्सगर डाइक्स्ट्रा या तरुणाने रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जाण्याची सर्वांत जवळची वाट कशी काढावी, असा प्रश्न स्वतःला घातला. एका कॉफीच्या दुकानात बसून, कागद-पेन्सिल न घेता, वीस मिनिटांत त्याने रीत शोधली. १९५९ मध्ये ती छापली गेली. आज अनेक मोठ्या जाळ्यांत निरोपाची वाट ठरवताना हीच रीत कामी येते.

आता आपल्या बेटाकडे वळू. चारही बाजूंनी समुद्र असलेल्या आपल्याला विस्तृत जाळे समुद्राच्या तळावरील केबलमुळेच मिळते. २००२ मध्ये सेफ ही केबल सुरू झाली. तिची एक वाट दक्षिण आफ्रिकेकडे जाते, तर दुसरी भारतात कोचीला आणि पुढे मलेशियाला. २००९ मध्ये लायन आणि २०२१ मध्ये मेटिस या केबली आल्या. आपल्या रॉड्रिग्जच्या बांधवांना मात्र २०१९ पर्यंत उपग्रहावर विसंबावे लागले. वाट एकच असली की ती तुटताच सारे बेट मुके होते. वाटा अनेक असल्या तर निरोप दुसरीकडून वळून येतो. लहान बेटासाठी ही चैनीची बाब नाही. इस्पितळे, बँका, शाळा आणि दूरची नाती यांचा तो आधार आहे.

म्हणून पुढच्या वेळी 'नेट गेले' अशी आरोळी आली, तर मुलांना जवळून दूर जायला शिकवा. आधी मोबाईलचे वायफाय चालू आहे का ते पाहा. मग राउटरचे दिवे पाहा. नंतर शेजाऱ्यांकडे काय स्थिती आहे ते विचारा. घराबाहेर बिघाड असेल तरच कंपनीला फोन करा. आणि एक काम आजच करून टाका. राउटरबरोबर आलेला सांकेतिक शब्द बदलून दुसरा लांब, ओळखायला अवघड असा ठेवा आणि तो ज्याला-त्याला देऊ नका. समुद्राच्या केबली राखणे आपल्या हाती नाही. पण घरचे जाळे हा आपल्या वाटचा बांध आहे, तो आपणच राखला पाहिजे.