हरकत नाही म्हणजे होकार नव्हे

पोलादपूरच्या माझ्या इंग्रजीच्या वर्गात दर जूनमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री.’ कापड्याचा मुलगा असो की महाडहून येणारी मुलगी, वाक्य तेच. ही चूक मराठी पक्की असल्यामुळे होते. ‘मी सहमत आहे’ या वाक्यात ‘सहमत’ हे विशेषण आहे, त्याला ‘आहे’चा टेकू लागतो. इंग्रजीतलं ‘अ‍ॅग्री’ मात्र स्वतःच क्रियापद आहे, त्याला टेकू नको. म्हणून मी मुलांना सांगते, ‘सहमत’ विसरा आणि ‘पटणं’ आठवा. ‘मला पटतं’ म्हणताना आपण ‘आहे’ लावतो का? मग ‘आय अ‍ॅग्री’. संपलं.

पुढची अडचण शब्दयोगी अव्ययांची. ‘अ‍ॅग्री’च्या मागे ‘विथ’ येतो, ‘टू’ येतो, ‘ऑन’ही येतो. नियम पाठ करून हे डोक्यात राहत नाही, भावकीचं उदाहरण दिलं की राहतं. बांधाबद्दल काकांचं म्हणणं पटलं, तिथे ‘विथ’. त्यांनी सुचवलेली वाटणी मान्य केली, तिथे ‘टू’. आणि दोघांनी बसून मोजणीची तारीख ठरवली, तिथे ‘ऑन’. पटणं, मान्य करणं, ठरवणं अशी तीन वेगळी क्रियापदं आपल्याकडे आहेत. इंग्रजी एकाच क्रियापदाला तीन शेपट्या लावून तेच काम भागवतं.

हो आणि नाहीचा घोळ याहून महागात पडतो. माझा एक जुना विद्यार्थी महाडच्या एमआयडीसीत मुलाखतीला गेला होता. साहेबांनी विचारलं, ‘यू हॅवन्ट वर्क्ड इन नाइट शिफ्ट बिफोर?’ हा म्हणाला, ‘येस सर.’ त्याच्या मनात होतं, ‘हो, नाही केलं.’ साहेबांनी ऐकलं, ‘केलंय.’ पुढच्या दोन प्रश्नांत गडबड उघडी पडली आणि पोरगा खोटा ठरला. खोटं तो अजिबात बोलला नव्हता. मराठीतला ‘हो’ समोरच्याच्या वाक्याला मिळतो, तुम्ही म्हणता ते बरोबर, एवढंच तो सांगतो. इंग्रजीतला ‘येस’ आपल्या स्वतःच्या उत्तराला बांधलेला असतो. केलं असेल तर येस, केलं नसेल तर नो, प्रश्न कसाही विचारलेला असो. तेव्हापासून मी वर्गात नुसतं येस किंवा नो चालवून घेत नाही. ‘नो सर, आय हॅवन्ट’ असं वाक्य पुरं करायचं.

पण मला सगळ्यांत जास्त वेळ लागतो तो दुसऱ्याच दोन शब्दांवर, आणि तो मी आनंदाने देते. ते शब्द म्हणजे ‘नो ऑब्जेक्शन’. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला प्रत्येक घरात कधी ना कधी आलेला असतो. एनओसी म्हणजे परवानगी, असं मुलं सरसकट लिहितात. मग मी त्यांना चवदार तळ्याच्या कागदपत्रांकडे नेते.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सरकारी संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा तो ठराव. त्याला धरून महाड नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 रोजी आपला ठराव केला. त्याचा आशय असा होता की, अस्पृश्यांनी तळं वापरण्यास नगरपालिकेची हरकत नाही. सुरबानाना टिपणीसांसारखी गावातली काही माणसं मनापासून या बाजूची होती. ठरावाची भाषा मात्र तेवढीच राहिली. आम्ही अडवणार नाही, असं त्यात होतं. कुणी अडवलं तर आम्ही पुढे येऊ, हे त्यात नव्हतं. तीन वर्षं तळ्याचं पाणी होतं तिथेच राहिलं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. त्याच दिवशी परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं होत असताना, नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव रद्द केला. यासाठी इंग्रजीत ‘रिसिंड’ हे क्रियापद आहे. दिलेला शब्द काढून घेणं, केलेला ठराव नव्हताच असं करणं. हा शब्द मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, कारण महाडच्या मुलांना तो शब्दकोशातून शिकावा लागू नये असं मला वाटतं.

‘कन्सेंट’ म्हणजे संमती. ती देणारा माणूस त्या कामात स्वतः उतरतो. ‘नो ऑब्जेक्शन’ देणारा बाजूला उभा राहतो. हा फरक इंग्रजांनाही याच मुलखात कळला होता. 1674 साली राज्याभिषेकाच्या सुमारास हेन्री ऑक्झिंडेन तहाची कलमं घेऊन रायगडावर आला. इंग्रजांची नाणी स्वराज्यात चालावीत, हे त्यांपैकी एक कलम. महाराजांचं उत्तर असं होतं की, कोणतंही नाणं चालायला आमची मनाई नाही, पण जे घेतल्याने रयतेचं नुकसान होईल ते घ्यायची सक्ती आम्ही करणार नाही. नकाराचा एकही शब्द नाही. तरी इंग्रजांच्या हकिकतीत हे कलम मान्य न झालेल्यांतच धरलं गेलं. बाकी बहुतेक मागण्या मान्य झाल्या होत्या, म्हणून हा बारकावा अधिक उठून दिसतो.

असहमतीचे शब्द शिकवताना मुलं बिचकतात. मोठ्यांना नाही म्हणू नये, हे घरातून आलेलं असतं. आपण ‘बघू’ म्हणतो आणि समोरचा काय ते ओळखतो. इंग्रजीत ‘वुइल सी’ म्हटलं तर समोरचा वाट बघत बसतो. तिथे नकार स्पष्ट द्यावा लागतो, फक्त त्याच्या पायऱ्या पुष्कळ आहेत. ‘डिफर’ म्हणजे माझं मत वेगळं आहे. ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे हे होऊ नये असं मी नोंदवतो. ‘अपोज’ म्हणजे होऊ नये म्हणून मी उभा राहतो. ‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूट’ यांची गल्लत तर शिकलेली माणसंही करतात. नाकारणं वेगळं, पुराव्याने खोडून काढणं वेगळं.

तळ्याचा दावा पुढे मुंबई उच्च न्यायालयात गेला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही, म्हणून 17 मार्च 1937 रोजी त्यांचं अपील फेटाळलं गेलं. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक ब्रूमफील्ड. 1922 साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. त्या वेळी ते म्हणाले होते की, राजकारणात तुमच्याशी ज्यांचं मत जुळत नाही, तेही तुम्हाला उच्च ध्येयाचा माणूस मानतात. तिथे त्यांनी ‘डिफर’ हेच क्रियापद वापरलं. आदर ठेवून वेगळं मत कसं मांडावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला वर्गासाठी सापडलेलं नाही.

दुसरं उदाहरण पुन्हा बाबासाहेबांचंच. सायमन कमिशनसाठी नेमलेल्या मुंबई प्रांताच्या समितीत ते होते. सहकाऱ्यांचा अहवाल पटला नाही, तेव्हा 17 मे 1929 रोजी त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल दिला. यालाच ‘डिसेंट’ म्हणतात, समितीत राहून वेगळं मत कारणांसह लिहून ठेवणं. पुढे घटना समितीत मसुद्यावर 7,635 दुरुस्त्यांच्या सूचना आल्या, त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. बाबासाहेबांची उत्तरं वाचावीत. कुठे ‘अ‍ॅक्सेप्ट’, कुठे स्वीकारता येत नाही याचा खेद, आणि जिथे गरज तिथे पानभर कारणं.

काही वर्षांपूर्वी पोलादपूर तालुक्यातले एक आजोबा माझ्याकडे आले होते. प्रकल्पात जमीन गेली होती आणि मोबदल्याची रक्कम घ्यायची होती. रक्कम कमी आहे असं त्यांना वाटत होतं, पण पैशांची नड होती. 1894 च्या भूसंपादन कायद्यात अशा माणसासाठी एक वाट होती. तक्रार राखून पैसे घेता येत आणि वाढीव मोबदल्यासाठी कोर्टाकडे दादही मागता येई. तक्रार न नोंदवता पैसे घेतले तर ती दाद मिटे. वकिलांनी त्यांना सहीजवळ दोन इंग्रजी शब्द लिहायला सांगितले होते. ‘बाई, ह्याचा अर्थ काय?’ त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ‘पैसे घेतो, पण भाव मान्य नाय.’ ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘म्हंजे दोन्ही सांगता येतं?’ मी त्यांना ‘अंडर प्रोटेस्ट’ वहीत मोठ्या अक्षरात काढून दिलं. इंग्रजी अक्षरं त्यांनी कधी गिरवली नव्हती. तासभर बसून त्यांनी ती दोन पानं भरून गिरवली, आणि जाताना वही सोबत नेली.