पाटी काढली, घर तसेच!

जुना संगणक विकण्याआधी आपण काय करतो? फोटो, आधार कार्डाची प्रत, बँकेची कागदपत्रे, डॉक्टरांचे अहवाल असे सगळे निवडून 'डिलीट' करतो. रिसायकल बिनही रिकामा करतो. पडद्यावर काही दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त होतो. प्रत्यक्षात हार्ड डिस्कवर त्यातले बरेच काही जागच्या जागी असते. हे असे का, ते कळण्यासाठी संगणक फाइल ओळखतो आणि उघडतो कशी, हे पाहायला हवे.

आपण फाइल नावाने ओळखतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखी मात्र नाव वेगळे आणि फाइल वेगळी. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये 'युनिक्स' या प्रणालीचे काम सुरू केले. तिच्यात प्रत्येक फाइलची एक क्रमांकित नोंद असते. तिला 'आयनोड' म्हणतात. फाइलचा आकार, मालक, वाचण्या-लिहिण्याची परवानगी आणि मजकूर डिस्कवर कुठे ठेवला आहे, हे सारे त्या नोंदीत असते. नसते ते फक्त नाव. फोल्डर म्हणजे कोणत्या नावाचा कोणता क्रमांक, याची यादी. लिनक्स आणि अँड्रॉइडमध्ये आजही हीच पद्धत आहे. विंडोजमधला तपशील वेगळा असला, तरी नोंदींचा तक्ता आणि मजकूर यांची फारकत तिथेही आहे. म्हणूनच एखादा मोठा चित्रपट त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये क्षणात हलतो, पेनड्राइव्हवर घेताना मात्र वेळ लागतो. पहिल्या वेळी फक्त यादी बदलते, दुसऱ्या वेळी सगळा मजकूर उतरवून घ्यावा लागतो.

फाइल उघडताना सिस्टीम एकेका फोल्डरच्या यादीतून क्रमांक शोधते, परवानगी तपासते आणि प्रोग्रामच्या हाती एक छोटा आकडा देते. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखा. युनिक्स घराण्यात ०, १ आणि २ हे बिल्ले सहसा कीबोर्ड व पडद्यासाठी असतात, त्यामुळे पहिल्या फाइलला बहुधा ३ मिळतो. पुढचा व्यवहार या बिल्ल्यावर चालतो, नाव कुणी विचारत नाही. त्यामुळे लिनक्सवर चालू असलेला चित्रपट मध्येच डिलीट केला, तरी तो शेवटपर्यंत दिसतो. बिल्ला परत आल्यावरच जागा मोकळी धरली जाते. विंडोज अशा वेळी बहुधा 'फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे' म्हणून डिलीट करूच देत नाही.

आता डिलीटचा अर्थ लक्षात येईल. यादीतून नाव जाते आणि जागेवर 'मोकळी' असा शेरा बसतो. दारावरची पाटी काढली, पण घर उभेच आहे! त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर वाचता येऊ शकतो. कॅमेऱ्याच्या कार्डातून चुकून उडवलेले लग्नाचे फोटो परत मिळू शकतात ते यामुळेच. अट एकच : त्या कार्डावर पुढे काहीही साठवायचे नाही.

जी सोय आपल्याला तारते, तीच परक्याच्याही हाती पडते. अमेरिकेतील एमआयटीच्या सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, चालू स्थितीतल्या १२९ पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक आणि रुग्णांची माहितीही सापडली.

मग करायचे काय? जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क देण्याआधी सगळ्या जागेवर एकदा नवा मजकूर लिहिणारे पुसण्याचे सॉफ्टवेअर चालवावे. विंडोज रिसेट करताना फक्त फाइल काढण्याचा नव्हे, तर ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडावा. अलीकडच्या मोबाइलमध्ये मजकूर कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात असतो. फॅक्टरी रिसेट केल्यावर त्याची किल्लीच नष्ट होते, म्हणून फोन देण्याआधी ते करावेच. बंद पडलेली हार्ड डिस्क मात्र अखंड भंगारात देऊ नये. संगणक बंद पडला, तरी तिच्यावरचा मजकूर शाबूत असू शकतो.