वेताळाच्या जंगलात पुन्हा एकदा

शाबानचा महिना संपत आला की आमच्या घरात झाडझूड सुरू होते. रमजान लागण्याआधी माळा रिकामा करायचा, हा अम्मीचा जुना दस्तूर. यंदा त्या माळ्यावरून पत्र्याची एक हिरवी पेटी खाली आली. कडी गंजलेली होती, ओढताच हातात आली. वरच्या थरात अब्बांच्या तेंदू हंगामाच्या जुन्या पावत्या, त्याखाली वाळून दगड झालेले शाईचे पॅड आणि अगदी तळाशी, सुतळीने बांधलेली आमची दौलत: इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक. मोजले तर ३७ निघाले. कडा वाळवीने खाल्लेल्या, दोन-तीन अंकांची शेवटची पाने गायब. पण जांभळ्या कपड्यांतला, काळ्या मुखवट्यातला वेताळ जसाच्या तसा घोड्यावर बसलेला.

अम्मीने रद्दीचे पोते पुढे केले. तेवढ्यात पलंगावरून अब्बांचा आवाज आला, "थांबा. फेकायच्या आधी मला वाचून दाखवा."

अब्बांना ८१ वे वर्ष चालू आहे. मोतीबिंदू काढला, तरी बारीक अक्षर त्यांना लागत नाही. रमजानभर पेटी पलंगाखालीच राहिली. ईद झाली आणि मग रोज असरच्या नमाजनंतर चहाबरोबर एक अंक, असा आमचा क्रम सुरू झाला. चाळीस वर्षांपूर्वी ज्या पुस्तकांसाठी आम्ही त्यांचा ओरडा खाल्ला, तीच पुस्तके आम्ही त्यांना मोठ्याने वाचून दाखवत होतो.

आमचे घर चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, पठाणपुरा गेटकडे. घरात उर्दू, गल्लीत आपली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची हिंदी, आणि मराठी फक्त शाळेत. शाळा उर्दू माध्यमाची. तिथे मराठी म्हणजे वेळापत्रकातला एक तास, तोही बहुतेक वेळा शेवटचा. आज आम्ही तोच विषय शिकवतो, म्हणून सांगतो: उर्दू बोलणाऱ्या मुलाला मराठीत दोन गोष्टी छळतात. एक ‘ळ’ आणि दुसरे नपुंसकलिंग. उर्दूत वस्तू एकतर मुलगा असते किंवा मुलगी. ‘ते झाड, ते घर’ हा तिसरा प्रकार कुठून आला, हे आम्हाला कळतच नसे. वर्गात आम्ही ‘तो झाड पडला’ म्हणायचो आणि मागच्या बाकापर्यंत हसू पसरायचे.

‘ळ’ आम्हाला वेताळाने शिकवला. आधी आम्ही त्याला ‘वेताल’च म्हणायचो. भाईजान आमच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे, अंक त्यांचे. त्यांनी अट घातली की नाव नीट उच्चारल्याशिवाय पुस्तक हातात मिळणार नाही. जीभ टाळूला लावून आम्ही आठवडाभर ‘ताळ, ताळ’ करत घरभर फिरलो. आणि नपुंसकलिंग शिकवले ते भुताने. लोक वेताळाला चालतेबोलते भूत समजतात, आणि भूत मराठीत ‘ते’! उर्दूतला ‘तो भूत’ इथे चालत नाही. ‘ते भूत आले’ हे एकदा पक्के बसले, त्याच्या पाठोपाठ झाड, घर, पुस्तक, जंगल सगळे रांगेत आले. बी.एड.ला भाषाध्यापनाच्या पद्धती पाठ केल्या, पण आमची पद्धत ही होती.

घरात विरोध नव्हता असे नाही. खालूजान आले की पुस्तके गादीखाली जायची. त्यांचे म्हणणे, तसबिरींची पुस्तके, खोट्या कहाण्या, मुले बिघडतात. आज आम्हालाही त्यांचे सगळेच चुकीचे वाटत नाही. पुस्तक हातात असले की मगरिबच्या अजानकडेही आमचे लक्ष नसे, हे खरे. पण खोट्या कहाण्यांचेच म्हणाल तर खालूजान स्वतः अमीर हमजाची दास्तान रंगवून सांगत आणि अम्र अय्यारच्या झंबीलमधून काय काय निघाले याची यादी करताना त्यांना वेळेचे भान राहत नसे. अकबर बादशहाने याच दास्तानीची चित्रे काढून घेतली होती. सोळाव्या शतकात, मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली सुमारे १४०० चित्रे झाली, त्याला पंधरा वर्षे लागली. मोठी पाने, एका बाजूला चित्र, पाठीमागे मजकूर. आज त्यांतली २०० सुद्धा शिल्लक नाहीत. कॉमिक्स ही बाहेरून आलेली चीज आहे असे कोणी म्हणाले की आम्ही हा दाखला देतो. खालूजान हयात असते तर त्यांनाही दिला असता. कदाचित गादीखालून बोलल्यासारखा, हळूच.

वेताळ मात्र बाहेरचाच. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत त्याला जन्म दिला. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे होते; मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन नंतर आले. १९९० मध्ये हे प्रकाशन बंद पडले तोवर अंकांची संख्या ८०० च्या वर गेली होती. इंग्रजीत वेताळाच्या देशाचे नाव बंगालशी मिळतेजुळते होते. इथल्या वाचकाला ते खटकेल म्हणून इंद्रजालमध्ये त्याचे ‘डेंकाली’ झाले.

कथा अशी की १५३६ साली समुद्री चाच्यांनी एक जहाज लुटले, त्यात वाचलेला एकटा तरुण किनाऱ्याला लागला. जंगलातल्या बांडार नावाच्या बुटक्या लोकांनी त्याला उचलून नेले, बरे केले. त्याने बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली की आपण आणि आपले वंशज अन्यायाशी लढत राहू. बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो, म्हणून लोकांना वाटते की वेताळ मरतच नाही. आपला वेताळ एकविसावा. कवटीची गुहा, हीरो घोडा, डेव्हिल लांडगा, आणि ठोसा मारला की समोरच्याच्या जबड्यावर कायमची उमटणारी अंगठीची कवटी.

त्या कवटीपायी आम्ही मार खाल्लेला आहे. अर्धा बटाटा कोरून कवटी केली, अब्बांच्या पेटीतले तेंदूच्या पावत्यांवर शिक्के मारायचे पॅड चोरले, आणि झोपलेल्या धाकट्या भावाच्या हनुवटीवर न्याय उमटवला. जांभळी शाई तीन दिवस निघाली नाही. मधे जुम्मा आला.

मोठेपणी पुन्हा वाचताना मात्र आम्ही मधेच थांबू लागलो. कुठे खटकते ते नेमके सांगता येईना. ते सांगितले सातवीच्या मुलांनी. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर वर्गात वेळ असतो, म्हणून पाच अंक घेऊन गेलो. मुले आजची, त्यांना कमला खान माहीत आहे: २०१४ मध्ये स्वतःचे मासिक मिळालेली, पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकन घरातली मिस मार्व्हल. वेताळ पाहून आधी ती हसली, मग चूप बसून वाचू लागली. तासाच्या शेवटी एका मुलीने विचारले, "ते बांडार लोक त्याला वाचवतात, विषाचे बाणही त्यांच्याकडेच आहेत. मग जंगलात राज्य त्याचे का?"

आमच्याकडे उत्तर तयार नव्हते. दुसरा मुलगा उठला. म्हणाला, मोहरममध्ये आम्ही जेलच्या आत गेलो होतो, तिथे वीर बाबुरावचा पिंपळ आहे, त्यांनी तर मुखवटा घातला नव्हता. चंद्रपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे: इथल्या कारागृहाच्या आवारात गैबीशाह वलींचा दर्गा आहे आणि मोहरमच्या दिवसांत लोकांसाठी दार उघडते. त्याच आवारात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी बाबुराव शेडमाके या गोंड जमीनदाराला फाशी दिली. वय २५. जंगलातल्या माणसांची फौज उभी करून ते इंग्रजांशी लढले होते. मुलाने वेताळाशेजारी त्यांना नेऊन बसवले आणि आम्हाला पुढे काही शिकवायचे उरले नाही.

संध्याकाळी ही गोष्ट अब्बांना सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरीने बरोबर विचारले."

अब्बा बावीस वर्षे फडमुन्शी होते. एप्रिल-मे आला की बिछाना बांधून गडचिरोलीच्या जंगलात जायचे. ज्यांनी फड पाहिला नाही त्यांना थोडे सांगतो. माणसे पहाटे जंगलात जाऊन तेंदूची पाने तोडतात, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि दुपारनंतर फडावर आणतात. तिथे मुन्शी पुडे मोजून घेतो, कार्डावर लिहितो. मजुरी शेकड्यावर. पुडे रांगेने वाळत घालायचे, उलटायचे, मग बोदात भरायचे. आम्हाला लहानपणी वाटे की अब्बा वेताळाच्याच मुलुखात जाऊन येतात. येताना मोहाची फुले, चारोळी आणि वाघाच्या गोष्टी आणायचे.

त्या दिवशी त्यांनी वाघाची गोष्ट सांगितली नाही. एका हंगामात ठेकेदाराचा हुकूम होता, शेकड्याला एकशेपाच घ्यायचे. वाळताना खराब होतात म्हणून वरचे पाच. लिहायचे शंभरच. "मोजणारा हात माझा होता," अब्बा म्हणाले. "एक म्हातारी होती. तिला शंभरच्या पुढे मोजता येत नव्हते, पण शंभरपर्यंत पक्के येत होते. शंभर झाले की माझ्याकडे बघायची. मी खाली बघून पुढचे पाच उचलायचो." थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या पुस्तकात चाचे समुद्रातून येतात."

अम्मी आतून चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून दारातच उभी राहिली. अब्बांनी ही गोष्ट तिलाही कधी सांगितली नव्हती.

पुढे दिवस बदलले. २००६ चा वनहक्क कायदा आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. आता गडचिरोलीत कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. सगळे सुरळीत आहे असे नाही, भाव पडतो, ठेकेदाराकडून पैसे उशिरा येतात. पण मोजणारा माणूस गावचा असतो, आणि ही बातमी पेपरात आली की अब्बा ती आम्हाला दोनदा वाचायला लावतात.

पेटीतल्या ३७ अंकांत बहादूरचे सहा होते. ते आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले. बहादूर १९७६ साली इंद्रजालमध्ये आला. लेखक आबिद सुरती, चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. सुरती हे गुजराती-हिंदीतले लेखक आणि चित्रकार, ‘धर्मयुग’मधल्या ढब्बूजीचे बाप. त्यांच्या नायकाला ना मुखवटा, ना कवटीची गुहा. भगवा कुर्ता आणि जीन्स. बाप चंबळचा डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. ज्या अधिकाऱ्याने गोळी झाडली त्यानेच पोराला वाढवले. हा पोरगा मोठा होऊन गावातल्याच लोकांचे नागरिक दल उभे करतो आणि डाकूंना तोंड देतो. लहानपणी बहादूर आम्हाला वेताळापुढे फिका वाटायचा, कारण त्याच्याकडे लांडगा नव्हता. आता उलटे झाले आहे. वेताळाच्या अंकात आम्ही चित्रे बघतो, बहादूरच्या अंकात काय घडते ते वाचतो. भाषणे थोडी लांब आहेत, आणि बेला जुडो-कराटे जाणत असूनही तिला मागे ठेवले आहे, ही तक्रार आमच्या वर्गातल्या मुलींचीही होती.

सुरतींचे पुढचे काम मुलांना आम्ही गोष्टीसारखेच सांगितले. सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने कुठेतरी वाचले की नळातून सेकंदाला एक थेंब गळाला तर महिन्याला हजार लिटर पाणी जाते. २००७ मध्ये उत्तर प्रदेशच्या हिंदी संस्थानाकडून बक्षिसाचे एक लाख रुपये मिळाले, ते त्यांनी यात घातले. दर रविवारी एक प्लंबर आणि एक मदतनीस घेऊन मीरा रोडच्या इमारतींमध्ये दारोदार जायचे आणि गळणारे नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपून वापरावे, ही शिकवण आम्ही मुलांना दरवर्षी सांगतो. यंदा वर्गातली दोन मुले तडक शाळेच्या हौदाकडे गेली आणि तिसऱ्या तोटीतून गळते असे सांगत आली. वॉशर साडेसात रुपयांना मिळाला.

सुट्टी लागण्याआधी मुलांना कोऱ्या वह्या दिल्या आणि स्वतःचे एकेक कॉमिक काढायला सांगितले. बहुतेकांनी उडणारी माणसे काढली, दोघांनी ताडोबाचा वाघ. बांडारांबद्दल विचारणाऱ्या त्या मुलीने आठ चौकटी काढल्या. तिला आम्ही अब्बांची हकिकत नाव न घेता सांगितली होती. तिच्या चित्रात फड आहे, मुन्शी आहे, म्हातारी आहे आणि म्हातारीच्या शेजारी तिच्या नातीसारखी एक मुलगी उभी आहे. शेवटच्या चौकटीत मुन्शी पुढच्या पुड्याला हात घालतो आणि मुलगी म्हणते, "शंभर झाले."

ती वही घरी आणली. अब्बांनी भिंग मागवले, उजेडात वही धरली आणि प्रत्येक चौकट बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "पोरीला सांग, पुडा असा सैल बांधत नाहीत. सत्तर पाने असतात, घट्ट बसतात. पुढच्या शुक्रवारी तिच्या अब्बाला घेऊन ये म्हणावं, मी दाखवतो."